लिफ्टची वाट पाहण्यालाही कोड द्या: गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये कामं आणि स्टँडर्ड टाइम बसवताना

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर सुट्या भागांचा गाळा होता. गाडी खाली, माल वर, आणि वीस-पंचवीस गाळ्यांत मिळून एकच मालवाहू लिफ्ट. गोदामाचं सॉफ्टवेअर नवीन आलं होतं. त्यातला लेबरचा, म्हणजे माणसांचं काम मोजणारा, भाग चालू करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते दोन दिवसांत उरकलं: स्टँडर्ड टाइम, म्हणजे कामाला लागायला हवी ती वेळ, कार्टनमागे वीस सेकंद, सगळ्यांना, सगळीकडे. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट निघाला. आमचे सगळ्यात जुने पिकर (ऑर्डरप्रमाणे रॅकमधला माल काढणारे), ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते ठरलेल्या वेगाच्या ५२ टक्के. महिनाभरापूर्वी लागलेला पोरगा ११८ टक्के. मामांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. एवढंच विचारलं, "साहेब, ह्यात लिफ्ट धरलीय का?"

धरली नव्हती. पोरगा रॅकजवळ उभं राहून अख्खे बॉक्स उचलायचा. मामा सुटा माल गोळा करून खाली गाडीपर्यंत पोचवायचे. दोघांच्या कामाला मी एकच नाव आणि एकच वेळ दिली होती.

खालच्या पायऱ्या त्यानंतर शिकलेल्या आहेत. गोदामात नव्याने सुपरवायझर, प्लॅनर किंवा सॉफ्टवेअरचे 'सुपर युजर' म्हणून आलेल्यांसाठी. सॉफ्टवेअर कुठलंही असो, क्रम साधारण हाच राहतो.

पायरी १: कॉम्प्युटर बंद, वही उघडा

पहिला आठवडा सॉफ्टवेअरला हात लावू नका. कामांची यादी फ्लोअरवर तयार होते. एका गाडीच्या मागे लागा: गेटवर नोंद, डॉकला (माल चढ-उताराच्या फलाटाला) लागणं, ताडपत्री सोडणं, उतरवणं, मोजणी, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), पुटअवे (माल रॅकमध्ये लावणं). दुसऱ्या दिवशी एका ऑर्डरच्या मागे लागा: पिकिंग, पॅकिंग, लेबल, डॉकजवळ मांडणी, भरणं, चलान. तिसऱ्या दिवशी एका माणसाच्या मागे, सकाळी कार्ड पंच केल्यापासून संध्याकाळी निघेपर्यंत. हा तिसरा दिवस बहुतेकजण टाळतात आणि सगळं त्यातच असतं. गाडी आणि ऑर्डर तुम्हाला फक्त काम दाखवतात, माणूस रिकामा कुठे राहतो ते माणसाच्या मागे फिरल्यावरच कळतं.

काम म्हणून काय लिहायचं? ज्याची सुरुवात आणि शेवट डोळ्यांनी दिसतो ते. 'माल सांभाळणं' हे काम नाही. 'बिनवर (रॅकमधल्या कप्प्यावर) स्कॅन केल्यापासून शेवटचं कार्टन ट्रॉलीत ठेवेपर्यंत' हे काम आहे. यादी झाली की तिचे तीन गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा थेट कामांचा, ज्यांची नोंद स्कॅनरमधून आपोआप होते: पुटअवे, पिकिंग, पॅकिंग, लोडिंग, स्टॉकची मोजणी. दुसरा अप्रत्यक्ष कामांचा: झाडलोट, बॅटरी चार्जिंगला लावणं, पुठ्ठा-प्लास्टिक आवरणं, सकाळची मीटिंग, नव्या माणसाला शिकवणं. ही कामं खरी आहेत पण ऑर्डरला चिकटलेली नाहीत, म्हणून माणसाने स्वतः कोड टाकून सुरू आणि बंद करायची. तिसरा गठ्ठा थांबण्याचा: गाडीची वाट, लिफ्टची वाट, कागदाची वाट, हँड पॅलेट दुसऱ्याकडे आहे म्हणून थांबणं, सर्व्हर बंद.

हा तिसरा गठ्ठा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा नसतो, अप्रत्यक्ष कामांतच टाकावा लागतो. तरी तुमच्या वहीत तो वेगळा ठेवा आणि त्याच्या कोडची सुरुवात वेगळ्या अक्षराने करा, म्हणजे रिपोर्ट काढताना तेवढाच गाळून घेता येईल. मुंबईत जागा महाग, रस्ता भरलेला, लिफ्ट सामायिक. इथे गोदामाचा वेळ हात हळू चालल्याने जातो त्याहून जास्त थांबण्यात जातो, असं माझं मत आहे. तो वेळ दिसला नाही तर त्याचं खापर मामांच्या डोक्यावर फुटतं.

एकूण कोड किती? पंधरा ते वीस पुरे. एका ठिकाणी साठ कोड बनवलेले पाहिले होते. लोक सगळ्याला 'इतर' लावून मोकळे व्हायचे.

पायरी २: वेळ कशावर वाढते ते ओळखा

घड्याळ हातात घेण्याआधी प्रत्येक कामापुढे लिहा की हे काम कशाने लांबतं. पिकिंग चार गोष्टींनी लांबतं: ऑर्डर सुरू करण्याची तयारी, चाललेलं अंतर, किती बिनवर थांबावं लागलं म्हणजे किती ओळी, आणि किती नग उचलले. पॅकिंग नगांवर आणि खोक्याच्या आकारावर. पुटअवे अंतरावर आणि रॅकच्या उंचीवर. कागदपत्रं कागदांच्या संख्येवर, मालाचा त्यात काही संबंध नाही.

माझी चूक इथेच झाली होती. मी सगळं कार्टनवर टांगलं. ते किती महागात पडतं त्याचा हिशोब पायरी ५ मध्ये आहे.

पायरी ३: घड्याळ लावा, पण सांगून

लपूनछपून वेळ घेऊ नका. सीसीटीव्हीच्या फुटेजवरून तर नकोच. आधी मुकादमाला, मग टीमला सांगा: कोणत्या कामाची वेळ घेणार, कशासाठी, आणि हा आकडा कोणाच्या पगाराला लागणार नाही. हे शेवटचं वाक्य मॅनेजमेंटकडून लेखी घेतल्याशिवाय बोलू नका. एकदा शब्द फिरला की पुढची दोन वर्षं कोणीही घड्याळासमोर खऱ्या वेगाने काम करत नाही. स्टॉपवॉच घेऊन कामगारामागे उभं राहायची पद्धत फ्रेडरिक टेलरने १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यात रुळवली, आणि तेव्हापासून कामगार त्या घड्याळाकडे संशयानेच बघत आला आहे. उगाच नाही.

मोबाइलचं स्टॉपवॉच चालतं, 'लॅप' दाबत जायचं. कामाचे तुकडे पाडा: बिनपर्यंत चालणं, बिन स्कॅन, नग शोधणं, उचलून ठेवणं, नग स्कॅन. आधी प्रत्येक तुकड्याच्या दहा-दहा नोंदी घ्या आणि त्या किती विखुरल्यात ते बघा. विखुरणं सरासरीच्या १० टक्क्यांच्या आसपास असेल, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, तर पाच टक्के अचूकतेसाठी पंधरा-सोळा नोंदी पुरतात. तेच २० टक्के असेल तर साठच्या वर लागतात. विखुरणं दुप्पट झालं की नोंदी चौपट, हे लक्षात ठेवलं की सूत्र पाठ करायची गरज नाही.

एखादी नोंद भलतीच मोठी आली तर खोडू नका. कारण लिहा. 'माल बिनमध्ये नव्हता', 'लेबल फाटलेलं', 'फोन आला'. यातली अर्धी कारणं नंतर तिसऱ्या गठ्ठ्यात जातात.

घड्याळाशिवायचीही वाट आहे. एमटीएम (मेथड्स-टाइम मेजरमेंट) ही १९४८ साली प्रसिद्ध झालेली पद्धत. तिच्यात हाताची प्रत्येक बारीक हालचाल, पोचणं, पकडणं, हलवणं, ठेवणं, यांना तक्त्यातून वेळ दिलेली असते. तिचं माप टीएमयू: तासाचा एक लाखावा भाग, म्हणजे ०.०३६ सेकंद. पॅकिंगच्या टेबलासारख्या एका जागच्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या कामाला ती उत्तम. ट्रॉली ढकलत अरुंद गल्लीत समोरून येणाऱ्याला वाट देण्याला तिच्यात आकडा सापडणार नाही. शिवाय ती शिकायला रीतसर प्रशिक्षण लागतं. नव्याने सुरुवात करताना घड्याळच बरं.

पायरी ४: वेगाचं माप आणि सवलत

घड्याळात आलेली वेळ त्या माणसाची असते. तुम्हाला हवी आहे सरावलेल्या, नेहमीच्या माणसाची, जी तो दिवसभर टिकवू शकेल. म्हणून पाहिलेल्या वेळेला वेगाच्या टक्क्याने गुणतात. एखादा नेहमीपेक्षा दहा टक्के चपळ वाटला तर ११०. त्याने बिन स्कॅन १३ सेकंदांत केला तर आपण धरायची वेळ १३ गुणिले १.१०, साधारण १४ सेकंद.

हा टक्का नजरेचा आहे आणि नजर बसवावी लागते. ब्रिटिश पद्धतीत १०० म्हणजे सपाट जमिनीवर रिकाम्या हाताने ताशी ४ मैल, सुमारे ६.४ किलोमीटर चालणं. अमेरिकी पद्धतीत ताशी ३ मैल, सुमारे ४.८ किलोमीटर. दोन्हींत बराच फरक आहे, म्हणून तुमच्या गोदामात दोघं वेळ घेणार असतील तर आधी एकत्र उभं राहून एकाच माणसाला टक्के द्या आणि जुळवा. सवयीसाठी सकाळी साडेआठला दादरच्या पुलावर मात्र उभं राहू नका, तिथे अख्खी मुंबई १२० वाटते.

मग सवलत. माणूस पाणी पिणार, लघवीला जाणार, थकणार. वर्क स्टडीत वैयक्तिक गरजांसाठी पुरुषांना ५ आणि स्त्रियांना ७ टक्के, मूळ थकव्यासाठी ४ टक्के असे आकडे सर्रास वापरतात. त्यावर उभं राहणं, वजन, उकाडा यांची भर. मी वैयक्तिक गरजेला सगळ्यांनाच ७ धरतो. एकाच कामाला दोन स्टँडर्ड ठेवण्यापेक्षा ते सोपं आणि सभ्य. ७ अधिक ४ अधिक उभं राहून काम आणि वजनाचे ४, झाले १५. भिवंडीकडे पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुम्ही स्वतः वीस मिनिटं कार्टन उचलून बघा, मग उकाड्याचे किती द्यायचे ते कोणाला विचारावं लागणार नाही.

एक गोष्ट पक्की धरा: सवलतीत थांबण्याचा वेळ घालायचा नाही. 'लिफ्टला उशीर होतो ना, मग १५ चे २५ करा' असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. त्याने मामांचा टक्का सुधारेल, पण लिफ्ट रिपोर्टमधून कायमची गायब होईल. ज्यांना लिफ्ट लागत नाही त्यांनाही फुकटचे दहा टक्के मिळतील ते वेगळंच.

पायरी ५: सूत्र मांडा

समजा वेगाचं माप लावून पिकिंगचे हे आकडे आले: ऑर्डरची तयारी ९० सेकंद, दर ओळीला १४ सेकंद, दर कार्टनला ६ सेकंद, आणि ट्रॉलीसकट चालायला दर मीटरला १ सेकंद. उदाहरणाचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. आता चाळीस कार्टनच्याच तीन ऑर्डर घेऊ.

पहिली: एकच ओळ, ६० मीटर चाल. ९० अधिक १४ अधिक २४० अधिक ६०, म्हणजे ४०४ सेकंद. १५ टक्के सवलतीने ४६५ सेकंद, पावणेआठ मिनिटं.

दुसरी: बारा ओळी, १८० मीटर. ९० अधिक १६८ अधिक २४० अधिक १८०, म्हणजे ६७८. सवलतीसह ७८०, तेरा मिनिटं.

तिसरी: चाळीस ओळी, ४२० मीटर. ९० अधिक ५६० अधिक २४० अधिक ४२०, म्हणजे १३१०. सवलतीसह सुमारे १५०७, पंचवीस मिनिटं.

माझ्या 'कार्टनमागे वीस सेकंद' या नियमाने तिन्हींना ८०० सेकंद मिळत होते. पहिली ऑर्डर ज्याच्या वाट्याला आली तो हिरो, तिसरी ज्याच्या वाट्याला आली तो कामचुकार. आणि जुन्या माणसाला बिनांचे पत्ते पाठ असतात म्हणून चाळीस ओळींच्या ऑर्डरी नेहमी त्यालाच मिळतात. थोडक्यात, चांगलं काम येणाऱ्याचा टक्का खराब यायची सोय मीच करून ठेवली होती.

पायरी ६: आता सॉफ्टवेअर

नावं प्रत्येकाची वेगळी, पण भरायच्या गोष्टी त्याच: कामाचे कोड, त्यांची स्टँडर्ड, जागेचा नकाशा, मालाची माहिती, माणसं आणि शिफ्ट. सॅप कंपनीच्या ईडब्ल्यूएम या गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेबर मॅनेजमेंट गोदामासाठी आणि मग प्रक्रियेच्या पायऱ्यांसाठी चालू करावं लागतं. स्टँडर्डला तिथे इंजिनिअर्ड लेबर स्टँडर्ड म्हणतात, ते ठराविक वेळ किंवा सूत्र म्हणून देता येतं. पुढे होणाऱ्या कामाचा प्लॅन्ड वर्कलोड तयार होतो, काम कन्फर्म झालं की एक्झिक्युटेड वर्कलोड, आणि झाडलोटीसारख्या गोष्टी इनडायरेक्ट लेबर टास्क म्हणून नोंदवल्या जातात. तुमचं पॅकेज दुसरं असेल तर हीच तीन घरं शोधा: ठरलेलं काम, झालेलं काम, ऑर्डरबाहेरचं काम.

नवखे अडखळतात ते तीन जागी.

नकाशा. अंतर सॉफ्टवेअर बिनच्या कोऑर्डिनेटवरून काढतं. ते भरलेच नसतील तर अंतर शून्य. सरळ रेषेत मोजायला सांगितलं तर ते रॅकमधून आरपार जातं. गल्ल्यांचं जाळं, कुठून कुठे जाता येतं ते, भरून द्यावं लागतं. भरल्यावर पाच बिन निवडा, टेप घेऊन स्वतः मोजा, आकडे जुळवा. मजला बदलत असेल तर लिफ्टच्या दारापाशी काम तोडा: वरचं एक, खालचं दुसरं. मधल्या वेळेचा कोड वेगळा.

मालाची एककं. मालाच्या मास्टर यादीत 'बॉक्स म्हणजे १२ नग' हे नीट नसेल तर बारा बॉक्सची ऑर्डर सॉफ्टवेअरला १४४ नग दिसते आणि तो माणूस तुफान वेगवान ठरतो. वजन रिकामं असेल तर वजनावर चालणारं स्टँडर्ड गप्प बसतं, चूक दाखवतही नाही. स्टँडर्ड चालू करण्याआधी सगळ्यात जास्त फिरणारे शंभर-दोनशे एसकेयू (मालाचे वेगवेगळे प्रकार) तरी हाताने तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येणारं नाही.

लॉगिन. दोन स्कॅनर बिघडलेले, म्हणून तिघं एकाच्या नावाने काम करतात, आणि रिपोर्टमध्ये त्या एकाचे २९० टक्के. किंवा सगळा माल आधी गोळा करून शेवटी एकदम स्कॅन मारतात, मग पहिल्या ओळीला वीस मिनिटं आणि बाकी ओळींना दोन-दोन सेकंद. पहिल्याला उपाय म्हणजे स्कॅनर दुरुस्त करणं. दुसऱ्याला आधी कारण विचारा. बहुतेक वेळा त्या कोपऱ्यात वायफाय पोचत नसतं.

स्टँडर्डला 'कधीपासून लागू' ही तारीख असते, तिचा वापर करा. जुनं पुसून नवं लिहू नका, नव्या तारखेने नवं टाका. जून ते सप्टेंबर मुंबईत ताडपत्री, ओले खोके पुसणं, डॉकवर पाणी, यांमुळे उतरवण्याचं काम खरोखर वेगळं होतं. पावसाळ्याचं स्टँडर्ड वेगळ्या तारखांनी ठेवलं की मागच्या वर्षाशी तुलना करता येते.

पायरी ७: माथाडींची टोळी वेगळी मोजा

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या डोक्यात एक माणूस, एक स्कॅनर, एक काम असं चित्र असतं. आपल्याकडे गाडी टोळी उतरवते. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. नोंदणीकृत माथाडींची मजुरी आणि त्यावरची लेव्ही (टक्क्यांत लागणारी वर्गणी) मालक माथाडी मंडळाकडे भरतो आणि पैसे मंडळामार्फत कामगारांना मिळतात. वाराईचा, म्हणजे माल चढ-उताराच्या मजुरीचा, दर मालावर, टनावर किंवा नगावर ठरलेला असतो. त्यात मिनिटांचा प्रश्नच येत नाही.

म्हणून टोळीला वैयक्तिक टक्के लावायच्या भानगडीत पडू नका. ते चुकीचं आहे आणि दुसऱ्या दिवशी काम बंद पडेल. पण डॉक किती वेळ अडकतो हे तुम्हाला प्लॅनिंगला हवंच. तेव्हा टोळी हे एकच रिसोर्स बनवा. चौघांनी २०० कार्टन १८ मिनिटांत उतरवले तर गाडीची वेळ १८ मिनिटं आणि श्रम ७२ माणूस-मिनिटं. दोन्ही आकडे ठेवा. पहिला डॉकच्या वेळापत्रकाला लागतो, दुसरा फक्त एखाद्या दिवशी टोळीत तिघंच आले तर अंदाज बांधायला.

पायरी ८: महिनाभर तोंड बंद

सगळं बसवल्यावर किमान चार आठवडे रिपोर्ट कोणालाही दाखवू नका, भिंतीवर लावणं तर दूरच. टक्का म्हणजे स्टँडर्डने दिलेली वेळ भागिले लागलेली वेळ गुणिले शंभर. या महिन्यात परीक्षा तुमची आहे, माणसांची नाही.

सगळेच १४० च्या वर असतील तर स्टँडर्ड ढिलं आहे किंवा एककं चुकलीत. सगळेच ६० च्या खाली असतील तर यादीतलं एखादं काम सुटलंय, बहुधा थांबण्यातलं. एकाच कामात निम्मे १५० आणि निम्मे ६० असतील तर पायरी २ ला परत जा, वेळ चुकीच्या गोष्टीवर टांगली गेलीय. सोमवारी खराब आणि बाकी दिवस ठीक असेल तर रविवारी साठलेल्या ऑर्डरींमुळे गल्लीत गर्दी होतेय का बघा. आणि एकाच माणसाचा टक्का कायम वेगळा येत असेल तर त्याच्यापाशी जाऊन उभे राहा. मामांच्या बाबतीत मी हेच आधी करायला हवं होतं.

पायरी ९: उद्याची माणसं

हे सगळं ज्यासाठी केलं तो हिशोब लहान आहे. संध्याकाळी उद्याचं ठरलेलं काम काढा. समजा पुटअवेच्या ६० ट्रॉल्या, प्रत्येकी ५ मिनिटं, झाले ३००. पिकिंगच्या ९० ऑर्डर, सरासरी १३ मिनिटं, झाले ११७०. पॅकिंगचे १२०० कार्टन, प्रत्येकी ४५ सेकंद, झाले ९००. एकूण २३७० स्टँडर्ड मिनिटं.

माणूस जेवण सोडून ८ तास, म्हणजे ४८० मिनिटं हजर. मीटिंग, झाडलोट, बॅटरीची ३० मिनिटं वजा, राहिली ४५०. टीमचा नेहमीचा टक्का ९० असेल तर एका माणसाकडून ४०५ स्टँडर्ड मिनिटं मिळतात. २३७० भागिले ४०५, म्हणजे ५.८५. सहा माणसं.

आता मामांची लिफ्ट धरा. त्या गाळ्यात मोजणी केल्यावर माणशी रोज २५ मिनिटं निघाली. ४५० ची झाली ४२५, तिचे ९० टक्के ३८२. २३७० भागिले ३८२, म्हणजे ६.२. सात माणसं. दिवसाला एक अख्खा पगार लिफ्टच्या दारात उभा होता.

रजा-दांडीसाठी त्यावर एक माणूस जादा धरा. पाऊस जोराचा असेल आणि सेंट्रल किंवा हार्बर रखडली असेल तर सकाळी सातला हा हिशोब पुन्हा करा, आलेल्या माणसांनिशी. माणसं कमी म्हणून स्टँडर्ड घट्ट करायचं नाही, उद्यावर ढकलता येतील अशा ऑर्डरी बाजूला काढायच्या.

पायरी १०: थांबण्याचा रिपोर्ट योग्य टेबलावर

लिफ्टच्या कोडचा महिन्याचा प्रिंट मी मालकांना दिला, तारीखवार, मिनिटांसह. त्यांनी तो इस्टेटच्या सोसायटीच्या मीटिंगला नेला. तोवर 'लिफ्ट मिळत नाही' ही सगळ्याच गाळ्यांची रोजची कुरकुर होती आणि सेक्रेटरी तिला सरावले होते. आकडे बघून सकाळी अकरा ते एक हा वेळ आमच्या मजल्याला लिहून मिळाला. आम्ही पिकिंग दहाला आणि खाली उतरवणं अकराला, असा क्रम बदलला आणि वाट पाहणं दिवसाला माणशी आठ-नऊ मिनिटांवर आलं. सातवा माणूस आम्ही काढला नाही, मोजणीला लावला. ती वर्षभर रखडली होती.

मामांचा टक्का नव्या सूत्राने १०४ आला. तो कागदही त्यांनी हातात घेतला नाही. लिफ्टमन जेवायला गेला तर कुठला कोड दाबायचा, एवढंच विचारलं. कोड तोच, कारणाच्या रकान्यात ३, म्हणजे 'लिफ्टमन नाही'.